हौसेची वल्ही

मराठीत 'हौस' हा शब्द मोठा लाडका आहे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी एखादी गोष्ट करणाऱ्याला 'हौशी' म्हणून गौरवतो. महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे चार मराठी घरे वसली, तिथे तिथे एक गणेशोत्सव आणि एक हौशी नाट्यमंडळी उभी राहिली. भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणसे येत गेलेल्या आमच्या रायपुरातही तेच झाले. तेव्हा 'हौशी' या शब्दाविषयी आपल्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. तथापि याच शब्दाच्या इंग्रजी भावंडाने एका खेळाच्या इतिहासात शेकडो माणसांना नदीच्या काठावरच उभे करून ठेवले होते, आणि कोण हौशी व कोण मजूर हे ठरविण्यासाठी नियम लिहिले होते. तो खेळ म्हणजे नाव वल्हविण्याच्या शर्यतींचा. आज मी ज्या संस्थेविषयी बोलणार आहे ती पुण्याची. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब. १९२८ साली स्थापन झालेल्या या क्लबाला २०२८ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील.

रायपुरात बसून पुण्याच्या नदीवरील क्लबाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. रायपूर हे तळ्यांचे गाव. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा अशी नावे घेतली की गावाचा निम्मा नकाशा होतो. गावाजवळून खारून वाहते, ती पुढे शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. पण माझे कुतूहल तळ्यांतून उपजलेले नाही, ते कचेरीतल्या एका कागदातून उपजले. पावसाळ्यापूर्वी आमच्याकडे पूरनियंत्रणाची जी तयारी होते, तीत नदीकाठच्या गावांची एक यादी असते. कोणत्या गावी किती डोंगे, किती नावाडी, कोण पोहणारा, कोणाला दिवसाची किती मजुरी. महसुली नोकरीत अशा याद्या मी अनेकदा वाचल्या आणि तपासल्या. या याद्यांत 'वल्हविणे' ही क्रिया नेहमी एका रकान्यात येते, आणि त्या रकान्याच्या शेजारी रुपयांचा रकाना असतो. पुण्याला कामानिमित्त गेलो असता संगमापाशी मुले भल्या सकाळी नावा पाण्यात उतरवताना पाहिली, तेव्हा प्रथम जाणवले ते हे की त्यांच्या नावांपुढे रुपयांचा रकाना नाही. मग त्या रकान्याचाच इतिहास शोधावासा वाटला.

आपल्याकडे वल्ही काही कमी नव्हती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील गलबते वाऱ्याबरोबर वल्ह्यांवरही चालत. एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत, आणि वारा पडला की शिडाची जड इंग्रजी जहाजे जागच्या जागी डुलत राहत आणि ही गलबते त्यांच्यावर धावून जात. ती वल्ही धरणारे हात कोळी-भंडाऱ्यांचे. इतिहासाने सरखेलांची नावे ठेवली, वल्हेकऱ्यांची ठेवली नाहीत. देशावर पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तलाव बांधला आणि त्यातील बेटावर गणपती बसविला. त्या तळ्यातल्या गणपतीला नावेतून जायचे ते धन्यांनी, नाव चालवायची ती चाकरांनी. पाण्यावरचा आनंद एकाचा आणि पाण्यावरचे श्रम दुसऱ्याचे, ही वाटणी इतकी सरावाची झाली होती की स्वतःच्या आनंदासाठी स्वतःच श्रम करावेत ही कल्पना आपल्या शिष्टसमाजाला चमत्कारिकच वाटली असती. एक अपवाद मात्र छत्तीसगडात कोणीही मूलसुद्धा सांगेल. रामाला गंगेपार नेणारा केवट उतराई घेत नाही. आमच्याकडच्या केवट-निषाद समाजाला त्या कथेचा आजही अभिमान आहे. मजुरी नाकारणारा हा पहिला नावाडी. परंतु त्यालाही हौशी म्हणता येणार नाही. त्याचे कारण भक्ती होते.

वल्हविण्याचा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा रोइंग क्लब १८५८ चा, मद्रासचा बोट क्लब १८६७ चा, आणि पुण्याचा, पुढे ड्यूक ऑफ कॅनॉटचे नाव लावलेला, १८६८ चा. बंडाची धग विझत असतानाच कलकत्त्याचा क्लब निघाला आणि मग दहा वर्षांत आणखी दोन शहरांत साहेब लोक नदीवर आले, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाला धरूनच झाली. पुण्याला या खेळासाठी एक गोष्ट आयती मिळाली होती. मुळा-मुठा या काही गंगा-यमुना नव्हेत. पावसाळ्यात फुगायचे आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकायचे हा त्यांचा स्वभाव. अशा नदीवर बारमाही नावा चालणे अशक्यच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, छावणीला पाणी मिळावे म्हणून, संगमाच्या खालच्या अंगास नदीवर एक बंधारा बांधला गेला. त्याच्या खर्चाचा मोठा भाग सर जमशेटजी जिजीभाई यांनी उचलला. या बंधाऱ्यावरूनच शेजारच्या बागेस 'बंडगार्डन' हे नाव पडले. बंधाऱ्यामागे पाणी तुंबले, ते संगमाच्या दिशेने मागे भरत गेले आणि पुण्याला एक लांबट, शांत जलाशय मिळाला. एका पारशी दानशूराने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेल्या पैशातून इंग्रज अधिकाऱ्यांचे नौकाविहार सुरू झाले, ही हकीकत पुण्यातल्या बोट क्लब रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल!

आता त्या नियमाकडे वळतो. इंग्लंडात थेम्स नदीवर हेन्ली येथे १८३९ पासून शर्यती भरत आहेत आणि वल्ह्यांच्या जगात हेन्लीचा शब्द म्हणजे धर्मशास्त्र. या हेन्लीने १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत लावणारा हौशी नव्हे, इथवर कोणीही मान डोलावील. पण नियम तिथे थांबला नाही. ज्याने मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून वेतन घेऊन काम केले आहे, तोही हौशी नव्हे, असे त्यात आले. शर्यतीत पैसा घेतला नसला तरी चालणार नाही. हात कामाने राठ झालेले असले की पुरे. सभ्य गृहस्थाची व्याख्या त्याच्या तळहातावरून करण्याचा हा प्रकार. वरकरणी युक्तिवाद असा की दिवसभर हातोडा चालविणाऱ्याच्या दंडात जे बळ येते ते कारकुनाच्या किंवा वकिलाच्या दंडात कुठून येणार, तेव्हा सामना न्याय्य होत नाही. आपल्याकडील जातिव्यवस्थेचे समर्थन ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल.

या नियमाच्या छायेतली एक गोष्ट जगप्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाचा जॅक केली हा विटा रचणारा गवंडी होता. १९२० साली हेन्लीने त्याचा प्रवेश नाकारला. त्याच्या क्लबाविरुद्ध एक जुना ठराव होता हे एक कारण, आणि त्याने हाताने काम केले होते हे दुसरे. त्याच उन्हाळ्यात हेन्लीची एकेरी शर्यत जॅक बेरेसफर्डने जिंकली. काही आठवड्यांनी ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केली आणि बेरेसफर्ड समोरासमोर आले आणि गवंडी एका सेकंदाने पुढे निघाला. केलीच्या मुलाने १९४७ मध्ये हेन्लीला जाऊन तीच एकेरी शर्यत जिंकली तेव्हा हे वर्तुळ पुरे झाले असे लोक म्हणतात. मला त्यापेक्षा १९३६ ची हकीकत अधिक बोलकी वाटते. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा संघ बर्लिन ऑलिंपिकसाठी निघाला होता. सगळे सिडनीचे पोलीस. पोलीस हा वेतनावर श्रम करणारा म्हणून हेन्लीने त्यांना घेतले नाही. ऑलिंपिकला चालणारे वल्हेकरी गावच्या जत्रेला चालेनात! यावर एवढे हसू झाले की पुढच्या वर्ष-दोन वर्षांत नियमातील ते शब्द काढून टाकण्यात आले.

या पार्श्वभूमीवर पुण्याचे १९२८ साल पाहावे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १८५४ सालच्या एका शाळेत आहे. सरकारी इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामावर लागणारे दुय्यम नोकर तयार करण्यासाठी ती काढली होती आणि तिचे नाव होते 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. नावातच मेकॅनिक! पुढे विद्यापीठाशी संलग्नता आली, १८८० मध्ये 'कॉलेज ऑफ सायन्स' हे नाव आले, १९११ मध्ये ते 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झाले आणि २०२२ मध्ये त्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ साली अभियंता होऊन बाहेर पडले, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांच्या कीर्तीचे पहिले दार ठरले. म्हणजे मुठेचे पाणी वर अडविण्याची कला ज्या शाळेने शिकविली, त्याच शाळेची मुले खाली संगमापाशी वल्ही घेऊन उभी राहिली. भट्टीपाशी उभे राहणे, कानस चालविणे, सुतारकामाच्या मेजावर रंधा मारणे हे ज्यांच्या अभ्यासक्रमातच होते, ती मुले हेन्लीच्या व्याख्येच्या उंबरठ्यावरच उभी होती असे म्हणायला हवे. नियमाचा किस काढला तर विद्यार्थ्याला वेतन नसते म्हणून ती कदाचित सुटलीही असती. परंतु त्या नियमामागची जी नजर होती, हाताने काम करणारा तो खालचा, तिला या क्लबाने न भांडता उत्तर दिले.

शिवाय जागा पाहा. याच संगमावर इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने तो जाळला. एल्फिन्स्टन नदी ओलांडून खडकीकडे गेला आणि त्या दिवसानंतर पुण्याचे राज्य फार काळ पुण्याचे राहिले नाही. १८६८ मध्ये त्या राज्याचे नवे धनी नदीवर विहार करू लागले. आणखी साठ वर्षांनी त्यांच्याच कॉलेजातील देशी मुले त्याच पाण्यावर आली. १९२८ म्हणजे सायमन कमिशनवरच्या बहिष्काराचे आणि बार्डोलीच्या सत्याग्रहाचे वर्ष. क्लब काढणाऱ्यांच्या मनात राजकारण होते असा माझा दावा नाही. विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा पाणीच असावे. पण काळाची हवा म्हणून काही असते. कलकत्त्यातही १९२९ मध्ये मारवाडी रोइंग क्लब निघाला, तोच पुढे बंगाल रोइंग क्लब झाला. १९३२ मध्ये ढाकुरियाच्या नव्या तलावावर भारतीयांचा लेक क्लब निघाला. चार वर्षांत तीन ठिकाणी भारतीय हात वल्ह्यांना भिडले, आणि हे हात नावाड्यांचे नव्हते. आपल्या दृष्टीने यात दोन भिंती एकदम ओलांडल्या गेल्या. साहेबाचा खेळ देशी माणसाने घेतला ही एक. आणि कोळ्या-भोयांचे काम ब्राह्मण-मराठ्यांच्या मुलांनी विनामोबदला, घाम गाळून, आनंदाने केले ही दुसरी. पहिलीचे कौतुक पुष्कळ झाले, दुसरीची दखल कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. मला ती अधिक मोलाची वाटते.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. शर्यतीची नाव ही आपल्या ओळखीची होडी नव्हे. एकट्याने वल्हवायची नाव सुमारे ८ मीटर लांब असते, रुंदी मात्र हातभरही नसते, आणि वजन केवळ १४ किलोच्या आसपास. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला उचलावे तशी ती खांद्यावर घेऊन जाता येते. तीत बसणेच एक शिक्षण. वल्ही सोडली की ती उलटलीच समजा. बैठक रुळांवर पुढेमागे सरकते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की जोर दंडाचा आहे, प्रत्यक्षात तो मांड्यांचा असतो. वल्हे पाण्यातून बाहेर आले की मनगटाच्या एका वळणाने त्याचे पाते आडवे करायचे, म्हणजे वारा अडत नाही, आणि पाण्यात जाताना पुन्हा उभे करायचे. हे वळण जमायला महिने लागतात. वल्हेकरी जायच्या दिशेला पाठ करून बसतो. पुढचे त्याला दिसत नाही, मागे पडलेले तेवढे दिसते. म्हणून मोठ्या नावेत सुकाणू धरून एक जण तोंड पुढे करून बसतो. कोळ्यांच्या भाषेत त्याला तांडेल म्हणता येईल. तो वजनाने हलका आणि आवाजाने भारी असावा लागतो. ऑलिंपिकची शर्यत २००० मीटरची. हे अंतर चांगला एकेरी वल्हेकरी सात मिनिटांच्या आत तोडतो. त्या सात मिनिटांत शरीराचे जे हाल होतात त्यांना 'हौस' हा शब्द लावायला मोठे धाडस पाहिजे.

महाविद्यालयाच्या क्लबात अशा शर्यतीच्या नावा आहेत, कयाक आहेत आणि पंटही आहेत. पंट म्हणजे सपाट बुडाची, लांब दांड्याने तळाला रेटा देत पुढे न्यायची नाव. महानदीवरचा नावाडी ती पाहील तर लगेच म्हणेल, हा तर आपलाच डोंगा! राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात कुलेश्वराचे देऊळ आहे. पावसाळ्यात पाणी चढले की बांबूच्या रेट्याने पाण्याला कापणारी तिथली माणसे आणि पुण्याची पंट चालविणारी मुले यांच्या पायांची ठेवण, पाठीचा बाक, दांडा उपसताना घ्यायचा श्वास यांत मला काही फरक दिसला नाही. फरक आहे तो नावांच्या यादीतल्या त्या रकान्याचा.

हा क्लब विद्यार्थीच चालवितात. प्राध्यापक देखरेखीला असतात, पण नव्यांना शिकविणे, नावांची डागडुजी आणि रंगरंगोटी, काठावरची व्यवस्था, हे मुलांनीच पाहायचे. वरच्या वर्गातला विद्यार्थी खालच्या वर्गातल्याला वल्हे धरायला शिकवितो. पहाटेची थंडी, नदीचा वास आणि परीक्षेची टांगती तलवार यांतून जो टिकतो तो पुढच्या वर्षी शिकविणारा होतो. अशी विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाताना विद्यार्थ्यांची पिढी केवळ चार वर्षांची असते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे शंभर वर्षांत पंचवीस पिढ्या झाल्या! राजघराण्यांना इतक्या पिढ्या साधत नाहीत. आज त्या नावांत मुलीही वल्ही मारतात. १८७९ च्या हेन्लीला ही गोष्ट नियमात लिहून मनाई करण्याइतकीसुद्धा सुचली नसती.

क्लबाचा वार्षिक सोहळा 'रिगाटा' या नावाने पुण्यात प्रसिद्ध आहे. शब्द मूळचा व्हेनिसचा आणि त्याचा अर्थ नावांची शर्यत. पुण्याचा रिगाटा मात्र शर्यतीपेक्षा अधिक दृश्याकडे झुकला. नावा बाणाच्या आकारात रांग धरून येतात, पंट एकमेकींना भिडून आकृत्या करतात, कयाक संगीताच्या तालावर फिरतात, आणि अंधार पडल्यावर मशाली घेऊन पाण्यावर नृत्य होते. काठावर पुणेकरांची गर्दी लोटते. खेळाचे कट्टर भक्त याला नाके मुरडतात. वल्ही पुढे जाण्यासाठी आहेत, नाचण्यासाठी नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. मराठी माणसाच्या हौशीपणाला प्रेक्षक लागतो, हे आमच्या मंडळाच्या नाटकांवरून मी खात्रीने सांगतो. एखादा खेळ समाजाच्या अंगवळणी पडतो तो त्याच्या शुद्ध स्वरूपात नव्हे, तर आपल्या जत्रेचे, दीपोत्सवाचे, मेळ्याचे काही रूप घेऊनच. पाण्यावर मशाल फिरली नसती तर त्या काठावर लोक जमले नसते, आणि लोक जमले नसते तर क्लब एवढा टिकला असता का, हा प्रश्नच आहे.

नदीनेही या काळात काही कमी पाहिले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेचे ते सारे पाणी शहर धुऊन याच संगमावरून पुढे गेले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना नदी या शब्दाचा दुसरा अर्थ कायमचा कळला. तो घाव भरला. आज मात्र नदीला जे दुखणे लागले आहे ते लोंढ्यासारखे एका दिवसात येऊन जाणारे नाही. शहर वाढले, त्याचे सांडपाणी नदीत आले. ज्या बंधाऱ्याने पाणी धरून ठेवले म्हणून वल्ही चालली, तोच बंधारा आता घाणही धरून ठेवतो. स्थिर पाणी, त्यात सांडपाण्याचे खत आणि वर कडक ऊन मिळाले की जलपर्णी हिरव्या गालिच्यासारखी पसरते. दिसायला सुंदर, पण तिच्यात वल्ह्याचे पाते अडकते, नावेची वाट बंद होते आणि खालच्या पाण्याचा प्राणवायू सरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हिचा जोर वाढतो. आमच्या बूढा तालाबातही हीच वेल जलकुंभी या नावाने नांदून गेली आहे, तेव्हा पुणेकरांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याच्या नदीकाठ सुधारणेच्या मोठ्या योजनेची पायाभरणी झाली. या योजनेवर बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. शासकीय सेवेतल्या माणसाने अशा वादात फार शिरू नये. एवढे मात्र म्हणतो की काठ सुंदर झाला आणि पाणी तसेच राहिले, तर काठावर बसणाऱ्यांची सोय होईल, पाण्यात उतरणाऱ्यांची होणार नाही.

या हकीकतीत एक माणूस आणायचा राहिला आहे. तो या क्लबाचा नव्हे, पण पुण्याच्याच पाण्यावर तयार झाला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. अवर्षणाचा मुलूख. तेथील दत्तू भोकनळ याचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत आणि मुलगाही त्या कामाला जाई. पाणी म्हणजे खडक फोडून खाली खाली जाताना कधी तरी लागणारी गोष्ट, हीच त्याची ओळख. वडील गेल्यावर घर सांभाळण्यासाठी २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. उंची सहा फुटांवर. ती पाहून शिक्षकांनी त्याला वल्हविण्याच्या खेळाकडे वळविले, आणि ज्याला सुरुवातीला पाण्याची भीती वाटत होती तो पुण्यातील सैन्याच्या केंद्रात घडत गेला. मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात सैन्याने शर्यतीसाठी स्वतंत्र जलमार्गच बांधला आहे. वाहत्या नदीच्या दयेवर तेथे राहावे लागत नाही. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव वल्हेकरी म्हणून दत्तू उतरला आणि एकेरीत तेरावा आला. त्या वेळी त्याची आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत त्याची प्रकृती ढासळली आणि तो सर्वांच्या मागे पडला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक जिंकले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.

विहीर खोदणाऱ्याचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, नंतर पगारी शिपाई. १८७९ च्या व्याख्येत असा एकही शब्द नाही जो त्याला बाहेर ठेवणार नाही. इंग्लंडात तो नियम एका गवंड्याने आणि आठ पोलिसांनी खिळखिळा केला. आपल्याकडे तसा लेखी नियम नव्हता. आपले नियम लिहिलेले नसतात. कोळ्याच्या, केवटाच्या मुलाला वल्हे जन्मतःच हाती येते, पण ते शर्यतीचे असू शकते हे त्याला कोणी सांगत नाही. ज्यांना ते सांगितले जाते त्यांना पाण्यात उतरायला आधी पोहायला शिकावे लागते. पुण्याच्या मुलांनी एक दार उघडले, सैन्याने दुसरे उघडले. नदीकाठच्या गावांतली मुले अजून या दोन्ही दारांपासून दूरच आहेत. छत्तीसगडच्या ज्या याद्यांचा मी आरंभी उल्लेख केला, त्यांत गेल्या काही वर्षांत यांत्रिक बोटी आणि जाकिटे यांचे रकाने वाढले. नावाडी मात्र बहुतेक वयस्क. त्यांची मुले शहरात कामाला गेली आहेत आणि वल्हविण्याची विद्या बापाबरोबर घाटावरच राहिली आहे.

२०२८ मध्ये पुण्याचा क्लब शताब्दी साजरी करील तेव्हा रिगाटाला गर्दी होईल, जुने विद्यार्थी देशोदेशींहून येतील, मशालीही फिरतील. त्या दिवशी पाण्यावर जलपर्णी नसावी म्हणून ती काढावी लागेल. ते काम नेहमीप्रमाणे मजूरच करतील, नावेत बसून, काठीला लावलेल्या आकड्याने वेली ओढत. त्यांची नावेही कोठल्या तरी यादीत असतील, शेजारी दिवसाची मजुरी लिहिलेली.